डाव्या चाकाजवळची फळी

अण्णा, शनिवारी मी एक गाडी बघायला गेलो होतो, आणि तेव्हापासून माझं डोकं जागेवर नाही. गाडी म्हणजे इंजिनवाली नव्हे. कारच्या मागे जोडून न्यायची, आडव्या पडलेल्या थेंबासारखी दिसणारी, दोन चाकांवरची लाकडी खोली. दोन माणसं झोपतील एवढीच. इथे टिअरड्रॉप म्हणतात तिला. आत उभं राहता येत नाही. मागचं झाकण वर उचललं की स्वयंपाकाचा ओटा, आणि स्वयंपाक करणारा बाहेर, म्हणजे आयर्लंडात बहुतेक पावसात. तुम्ही म्हणाला असतात, घर असताना पेटीत कशाला झोपायचं. पण बायकोला हवी आहे. "इतकी वर्षं तू ऑफिस आणि घर एवढंच केलंस," ती म्हणाली, "आता सकाळी डोळे उघडल्यावर मला समुद्र दिसू दे." ह्यात वाद घालायला जागा नव्हती.

तयारीशिवाय मी कुठे जात नाही, हे तुमचंच. महिनाभर वाचलं, चार जणांना विचारलं. आधी आपली कार किती ओढते ते बघायचं, मग ट्रेलर. साध्या लायसन्सवर माल भरून साडेसातशे किलोच्या आत हवा. विकणारे रिकाम्याचं वजन सांगतात, आणि गॅसची टाकी, पाणी, गादी, कुकर काय हवेत तरंगणार आहेत? टायरची नक्षी ताजी असली तरी रबर उभ्या उभ्या म्हातारं होतं, म्हणून बाजूवर छापलेली तारीख वाचायची. लाज न बाळगता आत आडवं होऊन बघायचं, पाय कुठे टेकतात ते. हवेला झरोका हवा, नाहीतर दोघांच्या श्वासाचं पाणी सकाळी कपाळावर टपकतं. ठेवणार कुठे, हेही आधी. आमच्या क्लोनडॉकिनच्या वसाहतीत दारापुढे असलं काही उभं केलं की शेजाऱ्यांची चिठ्ठी येते, म्हणून मी माझ्या ऑफिसच्या आवारात जागा करून ठेवली. पण सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ओल. वरून रंग झकास आणि आतून भुसा. ते कागदावरून कळत नाही, ते वाजवून कळतं. आणि त्या बाबतीत मी कुणालाच विचारलं नाही, कारण माझा कान तुम्ही तयार केलेला.

कराडची ती ट्रकच्या बॉड्या बांधायची शेड अजून जशीच्या तशी दिसते मला. जुना ट्रक हौद्याच्या दुरुस्तीला आलाय. कॉलेज सुटल्यावर मी शेडवर येतो. हातोडीच्या दांड्याने एकेक फळी ठोकत मी पुढे सरकतो आणि तुम्ही समोर खडू घेऊन मागे मागे जाता. फळी खणखणीत वाजली की पुढची. भद्द वाजली की मी तोंड उघडायच्या आत तुमची फुली पडलेली. सगळी शेड म्हणायची, मिस्त्रींचा कान म्हणजे कान. ड्रायव्हर लोक लांबून ट्रक घेऊन यायचे त्या कानासाठी. एकदा मी मान खाली घालून ठोकत होतो, तर केवढ्याने ओरडलात. "खाली काय सोनं पडलंय? माझ्याकडं बघून वाजव." चार माणसांसमोर. मला वाटलं, माझं लक्ष आहे का बघताय.

मग तो पुण्याच्या मुलाखतीचा दिवस. माझी अकराची एस.टी. सकाळीच गुळाचा एक ट्रक येऊन उभा राहिलेला, आणि तुमचा गडी रजेवर. मी ठोकत निघालो. मागच्या डाव्या चाकाजवळच्या दोन फळ्या भद्द वाजल्या. मला स्वच्छ ऐकू आलं. फुली पडली की त्या उपटायच्या, नव्या बसवायच्या, आणि हाताखाली मीच, म्हणजे एस.टी. गेली. मी चेहरा तसाच ठेवला आणि त्याच तालात पुढची फळी वाजवली. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. खडू वर आला होता, तो खाली गेला. "चांगला हाय हौदा. जा, आंघोळ कर, गाडी चुकंल."

नोकरी लागली. पुढचं सगळं त्या नोकरीतून निघालं, कॉम्प्युटर तिथेच शिकलो, इथे आलो, स्वतःची कंपनी काढली. पण महिन्याभरातच त्या ट्रकमध्ये पोतं घेऊन चढलेल्या एका हमालाचा पाय त्याच फळ्यांतून आरपार गेला आणि मोडला. मालकाने सगळ्यांसमोर तुम्हाला विचारलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "माझा कान चुकला." खडू दुसऱ्याच्या हातात गेला. शेवटपर्यंत तुम्ही त्याने फुल्या मारलेल्या फळ्यांच्या जागी रंधा मारून नव्या फळ्या देत राहिलात.

अण्णा, मी काय समजून चाललो होतो ते सांगतो. मी समजलो, तुम्हालाही ऐकू आलं होतं. मुलाची गाडी चुकू नये म्हणून तुम्ही ती फुली गिळलीत आणि दोष अंगावर घेतलात. ही गोष्ट मी लग्नात सांगितली आहे. गेल्या दिवाळीला कंपनीच्या जेवणात उभं राहून सांगितली. लोक मला सेल्फ-मेड म्हणतात, मी म्हणालो, पण मला माझ्या वडिलांनी न मारलेल्या एका फुलीने घडवलं. लोकांनी डोळे पुसले. माझेही भरून आले होते.

शनिवारी आम्ही नास नावाच्या गावाबाहेर एका घरी गेलो. विकणारा सत्तरीच्या पुढचा सुतार. ट्रेलर त्याने आणि बायकोने मिळून बांधलेला. ती दोन हिवाळ्यांपूर्वी गेली आणि तेव्हापासून ट्रेलर ताडपत्रीखाली. "एकट्याला ती गादी फार मोठी होते," म्हणाला. आतल्या चिमुकल्या कपाटाला तो प्रेस म्हणत होता, इथले सगळेच म्हणतात. त्यात दोन कप उपडे घातलेले, धुऊन. माझ्या बायकोने मागून त्याला झरोक्याचं विचारलं, तर त्याने उत्तरच दिलं नाही. मला वाटलं, तुसडा आहे. मग मला म्हणाला, "सगळं ठीक आहे, एका आतल्या जमिनीचीच काळजी वाटते. तू ठोकून बघ. मी इथे उभा राहतो." आणि बरोबर माझ्या समोर येऊन उभा राहिला.

मी ठोकत गेलो. डाव्या चाकाजवळ भद्द. धंद्यात एक शिकलोय, माल बघताना चेहरा हलवायचा नाही, जे सापडलं ते भावाच्या वेळी काढायचं. चेहरा तसाच ठेवला, पुढे ठोकलं. म्हाताऱ्याने श्वास सोडला. "ग्रँड," म्हणाला. "जीवात जीव आला."

मी हसून, जरा मोठ्याने म्हटलं, "कान तयार आहे तुमचा."

"कान?" त्यालाही हसू आलं. "करवतीपाशी आयुष्य गेलं माझं. उजवा कधीच गेला, डावा नावाला आहे. मी ठोकणाऱ्याचा चेहरा बघतो. हाताखाली एक चांगल्या कानाचा पोरगा धरायचा आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहायचं. मालकाला शेवटपर्यंत पत्ता लागू दिला नाही. लागला असता तर घरी बसवलं असतं."

अण्णा, मी तिथेच त्या जमिनीवर बसलो.

काही वेळ मला नुसता खडू दिसत होता. वर येऊन खाली जाणारा. बायको म्हणाली, "काय झालं? पांढरा पडलायस." मी म्हाताऱ्याकडे तोंड करून सांगितलं, फळी कुजलेली आहे, इथे, डाव्या चाकाजवळ. त्याने माझ्या ओठांकडे बघितलं. मी बोट ठेवून पुन्हा सांगितलं. चाकांचा आस तिथेच बोल्टांनी धरलेला. त्याने स्क्रू ड्रायव्हर आणून टेकवला, तो मुठीपर्यंत आत गेला. रस्त्यावर असताना तिथून आस सुटला असता तर काय, हे आम्हा तिघांनाही कळलं.

"मग तुझा चेहरा का नाही हलला?" त्याने विचारलं. रागाने नाही, खरंच कळत नव्हतं त्याला.

"सवय," मी म्हणालो.

कारमध्ये येऊन आईला फोन लावला. "आई, अण्णांना ऐकू यायचं का गं?"

ती म्हणाली, "आता कशाला काढतोस ते?"

"सांग."

"तू अकरावीत हुतास, तवापासनं न्हाई. माणूस म्होरं बसून बोललं तर कळायचं, ओठावरनं. कुणाला सांगू नगंस म्हणले, पोराला तर अजिबात न्हाई. त्याचा कान हाय की माझ्याजवळ, म्हणायचे."

फळ्यांचं मी तिला सांगितलं नाही. सांगता आलं नाही. शेजारी बसून बायकोने सगळं ऐकलं होतं. तिने विचारलं, "म्हणजे ती फुली त्यांनी सोडली नव्हती." मी मान हलवली. तिने गाडीची चावी माझ्या हातातून घेतली आणि घरापर्यंत तीच चालवत आली.

ट्रेलर घेतोय. आधी जमीन काढून नवी घालायची, म्हातारा आणि मी मिळून, पुढचे दोन शनिवार. शनिवारी तिथून निघण्याआधी तो खुणेसाठी पेन्सिल देत होता, मी खडू मागितला. फुली मारली. वाकडी आली.

एक गोष्ट मात्र कालपासून उकलत गेली आहे. इथे आल्यावर मी दर रविवारी फोन करायचो, आणि तुम्ही 'हां, आईशी बोल' म्हणून लगेच फोन तिच्याकडे द्यायचात. मला वाटलं, त्या खडूचा राग अजून गेला नाही. मग मी तुम्हाला फोनवर बोलावणंच सोडलं. आईने दोनदा सांगितलं होतं, "ते म्हणतात, एकादं पत्र टाक." मी हसलो होतो. म्हटलं, फोन असताना पत्र कोण लिहितं.

आता लिहिलंय, तुम्ही गेल्यावर. हे कागद कुठे जाणार नाहीत. गाडी तयार झाली की त्या प्रेसमध्ये, दोन कपांच्या मागे ठेवीन. तेव्हा का लिहिलं नाही, ह्याला मी दोन दिवस एखादं बरं कारण शोधतोय. कामाचा ताण होता, वगैरे. तसं काही नव्हतं. मला कंटाळा आला होता, अण्णा.