गोठ्यातलं ताट

जोतीरामाच्या वडिलांस, कोबेहून साळूबाईचा वाकून नमस्कार.

आमी समदी खुशाल हाय. सूनबाई उमा बाळंतपणातनं उठली, नातू अंग धरतोय. तुमचा खोकला कसा हाय, ते खरं कळवा. रांधायला ठेवलेली राहीबाई वेळेवर भाकरी वाढते का?

आज माझं डोकं लय तापलंय. जोतीराम आमाला घराजवळच्या जपानी खाणावळीत घेऊन गेला. मी आपला भात आन् मुळ्याचं लोणचं खाल्लं. शेजारी एक टाय लावलेला सायेब बसला हुता. त्याच्या वाडग्यात रस्सा आन् लांब लांब शेवया. त्यानं असा भुरका मारला की मी दचकले! मग बघते तर समदी खाणावळच भुरके मारतीया.

उमा हसून म्हणाली, "आत्या, इथं अशीच रीत आहे. भुरका मारला म्हणजे जेवण आवडलं."

मी हातातलं वाडगं आदळलं. म्हटलं, "सायबानं मारला तर रीत, आन् तुझ्या मामंजींनी आमटीचा मारला तर लाज व्हय गं? तुझ्या साताऱ्याच्या माहेरच्या माणसांम्होरं नाक मुरडलंस, तवापासनं ते ताट घेऊन गोठ्यात बैलांपाशी बसत्यात!"

जोतीरामाला ह्यातलं कायबी ठावं नव्हतं. त्याचा घास हातातच ऱ्हायला. उमानं वर बघितलं न्हाई.

आवं, आता गोठ्यात जेवलात तर माझ्याशी गाठ हाय. ताट सोप्यात मधोमध मांडा. भुरका असा मारा, की आत चुलीपाशी राहीबाईला आमटी आवडल्याचं कळलं पायजे.

तुमच्या जोतीरामाची आई