महादूचं नाव

वाशीम, वैशाखातला सोमवार, दिवेलागण

कौन्सिलात विचारायचा प्रश्न आज दुपारी टपालानं नागपूरला धाडला, आणि तेव्हापासून जिवाला चैन नाही.

मेडशीकडच्या सरकारी जंगलाचा नाकेदार शेतकऱ्यांचे बैल कोंडवाड्यात घालतो आणि घरी कोंबडी पोचली की सोडतो. हे मला तिथल्या महादूनं सांगितलं. त्याचाही बैल कोंडला होता. येताना रानातली द्रोणभर पिकली टेंभरं घेऊन आला होता.

नाव नसलं की सरकार "चौकशीत काही आढळलं नाही" म्हणून मोकळं होतं. म्हणून मी प्रश्नात महादूचं नाव घातलं. पण उत्तर तयार करायला तोच कागद आधी जंगलखात्याकडे येणार, हे वकील असून मला सुचू नये? मी कौन्सिलात उभा राहण्याआधी नाकेदार त्याच्या दारात उभा!

सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "त्याले विचारलं व्हतं काय तुमी?"

नव्हतं विचारलं. तार करून नाव काढता येईल, पण मग प्रश्नात उरतं काय? म्हटलं, उद्या मेडशीला जातो. तो हो म्हणाला तर नाव राहू देतो.

"हो तं म्हनंलच तो. तुमाले नाही म्हनाची हिंमत हाये काय त्याची?"

टेंभरं द्रोणात तशीच आहेत. एकही तोंडात घालवेना. नाकेदाराला कोंबडी, मला टेंभरं. ती तरी त्यानं खुशीनं आणली होती का?