क्लच नसलेली रिक्षा

असल्फा, घाटकोपर (प.)
१२ जानेवारी २०२५

ती. दादास,
नीलाचा सा. न. वि. वि.

इकडे मी आणि लेक प्रांजल बऱ्या आहोत. तुझी पाठ कशी आहे? तिकडच्या डॉक्टरला दाखव, फरशीवर झोपून अंगावर काढू नकोस.

आधी गोड बातमी. मला बॅज मिळाला. तुझी बहीण आता खाकी घालून रिक्षा चालवणार! श्यामसुंदरकाकांच्या गाडीवर शिकले. क्लचने जरा रडवलं, पण काका म्हणाले की जयवंतची बहीण आहेस, रक्तातच आहे.

तुझ्या गाडीचा जळका सांगाडा अखेर पालिकेने उचलला. तू आत गेल्यावर सुशांतने भर दुपारी ती पेटवली, तेव्हा सीटचा फोम वितळून रस्त्याला चिकटला होता. तो काळा डाग मात्र तिथेच आहे. रोज त्याच्यावरून जाते. शेजारच्या रुक्मिणीमावशी अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, बहिणीला मारलं म्हणून भावाने तिच्या नवऱ्याचा, सुशांतचा जबडा मोडला आणि तीन वर्षांची कैद घेतली, भाऊ असावा तर असा. मी ऐकून घरात जाते.

आता काम. गाडी कुठली घेऊ? शोरूममध्ये डोकं गरगरलं. एक सीएनजी, एक बॅटरीची. बॅटरीत परत दोन प्रकार, लहान बॅटरी आणि कापडी हूड किंवा मोठी बॅटरी आणि वर कडक छत. विकणारा मुलगा सारखं विचारत होता की ताई, मिस्टर कधी येणार बघायला. मी म्हटलं, मिस्टर आले तर तुझी काच आधी फुटेल.

माझं मन बॅटरीकडे आहे. आवाज नाही, सीएनजीची रांग नाही. पण वीस वर्षं तू चालवलीस, तुझ्या शब्दाबाहेर नाही. लवकर कळव. आमच्यावरची सावली काढू नकोस.

तुझी,
नीला


बराक ४
३० जानेवारी २०२५

चि. नीलास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. बॅजचं वाचून बराकीत सगळ्यांना सांगितलं. एकाने विचारलं, बाई असल्फ्याच्या चढावर गाडी चढवेल काय. त्याला म्हटलं, तू खाली उभा राहा, ती तुझ्या अंगावरून चढवेल.

आता नीट ऐक गो. सीएनजीच घे, मागे इंजिनवाली. बॅटरीची म्हणजे जत्रेतलं खेळणं. तीन जाडी माणसं बसली आणि चढ लागला की मागे घरंगळेल. गिअर हातात असला तर गाडी आपली, नाहीतर गाडी आपल्याला नेते.

आणि नुसती शोरूमची घेऊ नकोस. ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना पत्र्याचे अर्धे दरवाजे बसव, आतून कडी. पाठीमागे लोखंडी जाळी, म्हणजे मागून कोणी गळ्याला हात घालणार नाही. पुढे जाड पाइपचा गार्ड. सीटखाली चाकाचा पान्हा ठेव. तो ठेवावाच लागतो, कोणी विचारत नाही. मारायची वेळ आली तर डोक्यावर मारू नकोस, नेम चुकतो. गुडघ्यावर मार. माणूस लगेच बसतो.

तो सुशांत मुलुंडला बहिणीकडे राहतो असं इथे कळलं. तुझ्या वाटेला येतो काय, ते खरं लिही. मी ऑक्टोबरात सुटतो. पत्रं इथे वाचून पुढे जातात म्हणून त्याच्यापुढचं लिहीत नाही. तुला समजलं.

प्रांजलला अभ्यासाला बसव. मामाची आठवण ठेवा.

तुझा,
जयवंत


असल्फा
२ मार्च २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

रागावू नकोस. मी बॅटरीचीच घेतली.

आधी परीक्षा घेतली हो. रुक्मिणीमावशी, त्यांची सून आणि प्रांजल, तिघींना मागे कोंबलं आणि शोरूमच्या मुलाला शेजारी टेकवून आपला चढ चढवला. लहान बॅटरीची देवळाच्या वळणावर खरंच दमली. मावशी आतून विठ्ठलाचा धावा करायला लागल्या. मोठीची मात्र न थांबता पाण्याच्या टाकीपर्यंत गेली. मधेच थांबवून पुन्हा उचलली, तरी वीतभर मागे आली नाही. मुलगा घामाने भिजला होता, म्हणाला ताई, आता उतरू का. म्हणून मोठी बॅटरी, कडक छत. रिव्हर्सला एक बटण आहे, अंगठ्याने दाबायचं. एवढ्या गल्ल्यांत तेच खरं कामाचं.

दरवाजे नाही बसवले. तू चांगल्यासाठीच सांगितलंस, पण दार, कडी म्हटलं की मला आत बसवत नाही. मला दोन्ही बाजूंनी उडी मारता आली पाहिजे. जाळीही नको, बायका बसतात त्यांच्याशी बोलता येत नाही. पान्हा स्टेपनीजवळ आहे, चाकासाठी.

सुशांतचं विचारतोस. एकदा स्टँडवर आला होता, लांब उभा राहून बघून गेला. तू डोक्यात घेऊ नकोस.

पहिल्या दिवशी एका आजीबाईंनी उतरताना माझ्या गालावरून हात फिरवला. दादा, किती दिवसांनी कोणाचा हात चेहऱ्याजवळ आला आणि मी दचकले नाही.

लोभ आहेच, तो तसाच राहू दे.

तुझी,
नीला


असल्फा
६ मे २०२५

ती. मामास,
प्रांजलचा सा. न.

आईला न सांगता लिहिते आहे. ती लिहील तेव्हा गोड करून लिहील, म्हणून आधी माझं वाच.

आईच्या डाव्या हाताची मूठ मिटत नाही. तू पप्पांना मारलंस त्या दिवशी, तू यायच्या आधी, त्यांनी तिचा हात दाराच्या फटीत धरून दार तीनदा आपटलं होतं. हाड वाकडं जुळलं. क्लच दाबताना तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. बॅटरीच्या गाडीला क्लच नाही म्हणून तिने ती घेतली. तुला कळलं तर सुटल्यावर परत मारायला जाशील, म्हणून मला शपथ घातली होती. ती मी मोडली.

आणि पप्पा एकदा नाही, चार वेळा आले. गेल्या मंगळवारी दुपारी मेट्रोखालच्या स्टँडवर गाडी रांगेच्या टोकाला, भिंतीसमोर उभी होती. मी क्लासहून येऊन मागे बसले होते. पप्पांनी आत हात घालून आईचे केस धरले आणि तिचं तोंड हँडलवर आपटलं. एकदा, मग परत. दात तुटल्याचा आवाज मला मागे ऐकू आला. म्हणत होते की माझा जबडा तारेने बांधला आणि तू रस्त्यावर मिरवतेस. रांगेतले सगळे बघत होते. श्यामसुंदरकाका एकटे धावले, त्यांच्या छातीत लाथ बसली आणि ते पडले. पप्पांनी फुटपाथचा ब्लॉक उचलून पुढची काच फोडली. काचा माझ्या मांडीपर्यंत आल्या.

ब्लॉक परत उचलायला ते वाकले तेव्हा आईने गाडी सुरू केली. आवाजच नाही ना, त्यांना कळलंच नाही. पुढच्या चाकाने त्यांना भिंतीला दाबलं. ते ओरडले. आईने गाडी मागे घेतली आणि परत पुढे नेली. मग गाडी थांबली.

पप्पांची मांडी मोडली आहे. त्यांच्यावर गुन्हा झाला आणि आईवरपण. आई जामिनावर घरी आहे, ओठाला सात टाके आहेत. सूप पिते.

मामा, तू काही करू नकोस. प्लीज. तेवढंच सांगायला लिहिलं.

तुझी,
प्रांजल


बराक ४
२१ मे २०२५

नीलास,
आशीर्वाद.

प्रांजलने सगळं कळवलं. तिला ओरडू नकोस.

तू माझ्यापासून हात लपवलास. दोन वर्षं. मी इथे बसून तुला गिअरची गाडी घे म्हणून सांगतो आणि तू गप्प. तुझं पत्र आलं की मी चार जणांना वाचून दाखवायचो, बहीण कशी खुशीत आहे. मी येडा.

पण खरं सांगू? मांडी मोडली हे वाचलं आणि अंगात गार वारा शिरल्यासारखं झालं. त्या दिवशी पोटभर जेवलो. शाब्बास गो. उरलेलं काम माझं. मांडी जुळायला सहा महिने लागतात, मी पाचांत येतो. एक पाय तुझा, दुसरा माझा. वाचणाऱ्या साहेबांना हे खोडायचं असेल तर खोडू देत.

ओठ जप. तिखट खाऊ नकोस.

जयवंत


असल्फा
१५ जून २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. शाब्बास लिहिलंस तिथे येऊन दर वेळी थांबले.

प्रांजलने तुला सगळं लिहिलं नाही. ती लिहिणारही नाही, म्हणून मी लिहिते. पहिली धडक मी जीव वाचवायला दिली. दुसरी नाही. तो भिंतीला टेकून खाली घसरला होता, दोन्ही हात वर करून नको नको म्हणत होता. मी बटण दाबून गाडी मागे घेतली, नीट सरळ केली आणि ॲक्सिलरेटरची मूठ पूर्ण पिळली. त्याची मांडी मोडल्याचं मला हँडलमधून कळलं. आणि दादा, मला ते आवडलं. मी तिसऱ्यांदा मागे गेले. या वेळी गाडी छातीवर घालायची होती.

तेवढ्यात प्रांजल उतरून चाकापुढे उभी राहिली. पायाला काचा लागून रक्त येत होतं. मी हॉर्न वाजवला, दादा. पोटच्या पोरीला बाजूला हो म्हणून हॉर्न वाजवला. ती हलली नाही. रडतही नव्हती. एवढंच म्हणाली की आई, तुलापण नेतील, मग मी दोघांना पत्रं लिहीत बसू काय.

मी खाली उतरले आणि तिथेच ओकले.

स्टँडवाले सगळे म्हणतात, वहिनी, धडक एकच झाली, आम्ही तसंच सांगणार. कॅमेराही बंद होता म्हणे. पण मी पोलिसांना दोन्ही सांगितल्या. तिसरीही सांगितली, जी झाली नाही ती. वकीलबाईंनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, पहिली मी सहज सोडवली असती, दुसरीने शिक्षा होऊ शकते. होऊ दे. घरात एक पोर आहे जिने सगळं बघितलंय. तिच्या ताटात रोज खोटं वाढायचं नाही मला.

सुशांत अजून इस्पितळात आहे, तिथून कोठडीत जाईल. पोलिसांकडून गाडी परत मिळाली. नवी काच बसवून चालवते. हात दुखतो, पण चालवते.

आता तुझं. ऑक्टोबरात सुटलास की सरळ घरी येणार असशील तर गाडी अर्धा दिवस तुझी, अर्धा माझी. आधी त्याच्याकडे जाणार असशील तर माझ्याकडे येऊ नकोस. रुक्मिणीमावशी काही म्हणू देत, मला असा भाऊ नको. मला दादा हवा.

माया आहे म्हणून एवढं लिहिलं.

तुझी,
नीला


बराक ४
२८ सप्टेंबर २०२५

नीलास,
जयवंतचा नमस्कार. आशीर्वाद लिहायला घेतला, पण हात चालेना.

उत्तराला साडेतीन महिने लागले. चार वेळा लिहून फाडलं.

तू खरं सांगितलंस, आता माझं ऐक. कोर्टात मी म्हटलं होतं की तो अंगावर आला म्हणून मारलं. तूही तेच समजतेस, कारण तू स्वयंपाकघराच्या दारात बेशुद्ध होतीस. तो अंगावर आला नव्हता. मला दारात बघून तो खाटेवर बसला आणि रडायला लागला. पाया पडतो म्हणाला. मी पहिला फटका त्यानंतर मारला. मग थांबलोच नाही. तू दोन पावलांवर रक्तात पडली होतीस आणि मी तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, एवढी मजा येत होती. तुला पाणी रुक्मिणीमावशीने पाजलं. हात कुठला मोडलाय हे मला दोन वर्षं कळलं नाही, ते म्हणूनच.

तू हॉर्न वाजवलास, पण थांबलीस. माझ्यापुढे कोणी उभं राहिलं असतं तर मी त्यालाही मारलं असतं. ते मला माहीत आहे.

त्याच्याकडे जाणार नाही. इथल्या साहेबांसमोर तसं लिहून दिलं. पण घाटकोपरलाही येत नाही, एवढ्यात तरी नाही. पॅसेंजर गाडीत एखादा भाड्यावरून तोंड वर करून बोलला तर माझा हात कुठे जाईल, सांगता येत नाही. धाकूला पत्र टाकलं होतं, आपल्या आतेभावाला. कणकवलीला तो चिऱ्यांचा आणि काजूचा धंदा करतो, त्याला मालाची तीनचाकी घ्यायची आहे. मी चालवीन म्हटलं. मागे सीट नाही, माणूस नाही. काजूच्या पोत्यांशी भांडण होत नाही.

तो विचारतो, सीएनजी घ्यायची का बॅटरीची, आणि मागे उघडा हौदा का बंद पेटी. घाटात चढ आहे, पाऊस तर तुला माहीत आहे. मी गिअरची सांगणार होतो. मग म्हटलं, आधी नीलाला विचारू. तू जी सांगशील ती धाकूला कळवतो.

कोर्टात तुझी तारीख लागेल तेव्हा मला बोलाव. बोलावलंस तर येईन, मागे बसून राहीन, कोणाशी बोलणार नाही. प्रांजलला सांग, मामा तिच्या पाया पडला.

धाकूचा पत्ता मागच्या पानावर देतो. उत्तर तिकडे पाठव. नाही पाठवलंस तरी मी वाट बघेन.

तुझा दादा,
जयवंत