विहिरीकडच्या पट्टीतलं सोयाबीन

माय,

विहिरीकडच्या पट्टीतलं सोयाबीन यंदा हिरवंगार आहे. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

पेरणीला तिफणीमागं सरत्याच्या नळीतून बी तूच सोडायचीस. तुझ्याइतकी एकसारखी मूठ गावात कुणाची नव्हती. एका श्रावणात तू त्या पट्टीतलं रोप उपटून माझ्यापुढं धरलंस, मुळांवर गाठीच गाठी. "बघ, गाठी लय धरल्यात. यंदा पीक जोरात येतंय." सोयाबीनच्या मुळावर गाठी म्हणजे रानाला बरकत, एवढंच आपल्याला ठाऊक. पोळ्यापर्यंत ती पट्टी पिवळी पडली. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्याही. मग एकदा जेवता जेवता बाबा म्हणाले, "हिचा हात लाभंना रानाला. बी सोडायला काकूला सांगा." तू भाकरी थापत होतीस, थापतच राहिलीस. त्यानंतर तू बियाला कधी हात लावला नाहीस, आणि ते तसंच मनात धरून गेलीस. मला अजून राग येतो, त्यांचा आणि तुझ्या गप्प बसण्याचाही.

त्या गाठी वेगळ्या होत्या गं. चांगल्या गाठी नखानं खरडल्या की सुटतात. या सुटत नाहीत, कारण मूळच सुजलेलं असतं आणि आत सूत्रकृमी असतात, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. बाबा थकल्यापासून शेत मीच बघते. माती तपासणाऱ्या बाईंनी हे मला दाखवलं तेव्हा मी त्यांच्यासमोरच रडले, बाई बिचाऱ्या गोंधळल्या. या किड्यांना आवरणारे जिवाणू मातीतच असतात म्हणे. त्यांची पावडर आणून शेणखतात मुरवली, रानात पसरली, थोडी गुळाच्या पाण्यात कालवून बियाला चोळली आणि बी सावलीत वाळवलं. पहिल्या वर्षी फारसा फरक पडला नाही. यंदा रोप उपटलं तर मुळं पांढरी, सरळ, आणि गाठी नखानं सुटणाऱ्या.

काल बाबा काठी टेकत बांधावर आले. बराच वेळ पीक बघत उभे राहिले. मग म्हणाले, "तुझा हात लाभला बघ रानाला. तुझ्या मायचा न्हाई लाभला."

दोष तुझ्या हातात नव्हता, मातीत होता, हे मी काल तिथंच त्यांना सांगायला हवं होतं. हे पत्रही त्यांना वाचून दाखवायचं म्हणूनच लिहायला घेतलं होतं. आता घडी करून ठेवते. माय, जन्मात पहिल्यांदा त्यांनी माझं कौतुक केलं, आणि मी नुसती हसले.