मच्छरदाणीला अटी लागू

६ जुलै, रविवार
बालीगंजच्या अ‍ॅडव्हर्टायझिंग वर्कशॉपला नाव घातलं. दहा रविवार, दहा जाहिराती, की पोर्टफोलिओ तयार. शेवटी मुंबईहून एक क्रिएटिव्ह डायरेक्टर येऊन तो बघणार आणि नोकरी देणार. नोकरीचं तसं कोणी बोललं नाही, पण उघड आहे. एकवीस वर्षं बँकेत सर्क्युलरं लिहितोय. जाहिरात म्हणजे छोटं सर्क्युलरच.
अपर्णा म्हणाली, या वेळी पुण्याच्या बदलीचा अर्ज भर, ३१ ऑगस्टपर्यंत मुदत आहे, आईला आता एकटीला होत नाही. सासूबाईंबद्दल मला आदर आहे. पण सप्टेंबरनंतर मी बँकेत नसेनच, तर बदली कोणाची करणार? ती उठून स्वयंपाकघरात गेली. पटलं असावं.

१३ जुलै, रविवार
इथली पद्धत अशी. सगळ्यांनी आपापली कामं भिंतीला लावायची, मग सगळ्यांनी मिळून जमलेली नाहीत ती काढून टाकायची. उरेल ते पोर्टफोलिओत. माझी तीन होती. तिन्ही सर्वांत आधी निघाली. शिकवणारा सुमितदा (वय तीस, पण बंगाली रीतीने सगळे दा म्हणतात म्हणून मीही) म्हणाला, माधवदा, वाचायला फार आहे. आजच्या पिढीला वाचनाची सवयच नाही.

१५ जुलै, पहाटे ५
आजपासून रोज पहाटे एक हेडलाइन.

१६ जुलै, सकाळी ८.४०
उद्यापासून.

२७ जुलै, रविवार
विषय मच्छरदाणी. माझी लाइन: ‘आज अंथरुणात फक्त तुम्ही.’ सुमितदाला चक्क आवडली! मग त्याला खालचं बारीक अक्षर दिसलं. ‘अटी लागू. जाळीला भोक असल्यास, अथवा डास आधीच आत असल्यास, कंपनी जबाबदार नाही.’ म्हणाला, हे काढा. मी विचारलं, उद्या कोणी चावून घेऊन कोर्टात गेलं तर? वर्ग हसला. काम भिंतीवरून निघालं. चहाच्या सुट्टीत मी ते परत लावलं.

१० ऑगस्ट, रविवार
आजची जाहिरात एकही शब्द न वापरता करायची होती. छत्रीचं चित्र काढलं. खाली शब्द का वापरले नाहीत, याचं नव्वद शब्दांत स्पष्टीकरण दिलं. निघालं. खरी कल्पना काळाच्या पुढे असते.

३१ ऑगस्ट, रविवार
अपर्णाने दोनदा विचारलं, शेवटचा दिवस आहे, भरायचा ना अर्ज? मी ठाम नाही म्हटलं. भांडी जरा जास्तच वाजली. मग आतल्या खोलीत जाऊन आईला फोनवर म्हणाली, यंदाही नाही जमत गं. दार लावलं होतं, तरी ऐकू आलं. वाईट वाटलं. पण पोर्टफोलिओ आता जवळजवळ तयार आहे. दहा होतील. सध्या शून्य आहेत.

१४ सप्टेंबर, रविवार
मुंबईच्या विजया मॅडम आल्या. भिंतीवरून निघालेल्यांतल्याच दहा जाहिराती मी स्वतः निवडून फाइलला लावल्या होत्या, सोबत अनुक्रमणिका. मॅडमनी एकेक नीट पाहिली. अटींपाशी थांबल्या, हसल्या. मराठीतच म्हणाल्या, माधवराव, तुम्ही क्लायंट व्हा. हुबेहूब असा क्लायंट आम्हाला रोज भेटतो, लाइन आवडली म्हणतो आणि खाली चार ओळी घालतो. नोकरीचं विचारलं. त्यांनी शेजारच्या मुलीची फाइल उघडली.
परतताना मधेच एस्प्लनेडला उतरलो आणि उगाच तासभर फिरलो.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
बदल्यांची यादी आली. पुणे, तिसरं नाव माझं.
बँकेतूनच अपर्णाला फोन केला. आधी रडली. मग तिने विचारलं, अर्ज भरलाच नव्हता, तर बदली कशी? म्हटलं, हेड ऑफिसला माणसांची पारख असते. तिने पुन्हा तेच विचारलं. शेवटी सांगितलं. १४ जुलैलाच भरला होता, लंच टाइममध्ये. पहिल्या तीन जाहिराती भिंतीवरून उतरल्या, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. त्यावर ती अशी ओरडली, की काउंटरवरचे लोक वळून बघायला लागले. दोन महिने मला आणि आईला टांगून ठेवलंस, म्हणाली. बरोबरच आहे.
तिला सांगितलं असतं, तर तिने विचारलं असतं, मग दर रविवारी बालीगंजला कशाला जातोस?
इथे डायरीतही लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तर मलाही कळलं असतं.