टाकीच्या तळाशी अक्षता

आबा,

नमस्कार लिहायला हात उचलत नाही, म्हणून नुसतंच 'आबा'. काल आपल्या लाँचची डिझेलची टाकी रिकामी केली. तळाशी जे सापडलं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तुम्ही जाऊन चार महिने झाले. चार महिने मी दादाचं एकच वाक्य ऐकते आहे. तुमच्या तेराव्याला अख्ख्या भावकीसमोर तो म्हणाला, "हिनं आणलेल्या कॅनात पाणी हुतं. म्हणून इंजिन बंद पडलं."

त्या सकाळी तुमच्या छातीत कळ आली, तुम्हाला दवाखान्यात न्यायचं म्हणून टाकीत डिझेलचा कॅन मीच ओतला, हे खरं. कोयनेच्या जलाशयात ऐन मध्यावर इंजिन आचके देऊन थांबलं. मी फिल्टर खोलला, हवा काढली, चालू केलं, पुन्हा थांबलं. तुम्ही फळीवर पडून माझ्या हातांकडे बघत होतात. दुसऱ्या लाँचने ओढून आपल्याला बामणोलीच्या धक्क्याला लावलं, तोवर तुम्ही गेला होतात. साताऱ्याचा दवाखाना राहूनच गेला.

काल टाकीच्या बुडाचा बोल्ट काढून पहिला गाळ काचेच्या बरणीत धरला. डिझेल वर, पाणी खाली. बरणी भरली, मग बादली लावली, तरी पाणी येतच होतं. एका कॅनातून एवढं पाणी येतं का आबा? मग बरणीच्या तळाशी काहीतरी पांढरं दिसलं. बोटाने काढलं तर तांदूळ! फुगलेले, कडेला अजून कुंकू.

आठवतंय ना? दर दसऱ्याला लाँच धुवायची, हार घालायचा आणि टाकीचं झाकण उघडून आत पळीपळीने कोयनेचं पाणी सोडायचं. इंजिनाला तीर्थ पाजल्याशिवाय तुम्ही हंगाम सुरू करत नव्हतात. तोंडाशी जाळी होती, तीही डिझेल ओतायला वेळ लागतो म्हणून काढून फेकलीत.

मी आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक होऊन आले, त्याच वर्षी सांगितलं होतं. पाणी जड, ते बुडाला बसतं, कधीतरी इंजिनात जाणार. तुम्ही धक्क्यावरच्या सगळ्यांसमोर हसलात. "तीर्थानं कुनाचं वाईट झालंय का गं? चार बुकं शिकलीस, आता बापाला शिकीव." मग मला शिकवलंत तरी कशाला? चारचौघांत मिरवायला? एकदा ऐकलं असतं तर काय बिघडणार होतं तुमचं!

बरणी घेऊन मी तडक दादाकडे निघाले होते. आता बोल म्हणावं. त्याच्या उंबऱ्यापाशी पोचले आणि पाय थांबले.

पळी तुमची होती, पण अक्षता टाकायचा मान माझा होता. सहा वर्षांची असल्यापासून. गेल्या दसऱ्यालाही टाकल्या. सगळं कळत असून टाकल्या, कारण सणाच्या दिवशी तुमचा पारा चढायला नको होता. आणि त्या सकाळी घाईत कॅन वरून धबाधबा ओतला, तेव्हा बुडाचं पाणी ढवळलं असणार. दादा कॅनाबद्दल चुकला. माझ्या हाताबद्दल पुरता चुकला असं मला म्हणता येत नाही. याचा राग कुणावर काढू? तुम्ही तर सुटलात.

मी परत फिरले. टाकी खरवडून धुतली, दोन दिवस उन्हात वाळवणार आहे. जाळी नवी आणली, झाकणाचा वायसर बदलला. पाणी वेगळं काढणारा, खाली काचेची वाटी असलेला फिल्टरही आणलाय. रोज सकाळी त्या वाटीत बघितल्याशिवाय लाँच सोडायची नाही, हे ठरलं.

बरणी अजून माझ्या कपाटात आहे. उद्या दादाला दाखवीन. तुमचं नाव झाकणार नाही आणि माझंही झाकणार नाही, एवढा शब्द देते. दसऱ्याला हार झाकणावरच घालीन. कुणी कितीही म्हणो, झाकण उघडू देणार नाही. तुम्ही असतात तरी दिलं नसतं, असं लिहायचं होतं. पण ते खोटं झालं असतं.

तुमची,
शालन