गुडघ्याच्या तेलाची बाटली फेकू नकोस

चि. धाकटीस थोरल्या भगिनीचे अनेक उत्तम आशीर्वाद. येथील सर्व क्षेम असून तुमचे क्षेम कळवीत असावे.

वरच्या दोन ओळी तुझ्या भावजींच्या आहेत. मी नुसतं "धाकटे" एवढंच सांगितलं होतं, पण लेखणी त्यांच्या हातात. आणि येथील सर्व क्षेम नाही. इथून पुढचं माझं. दर पानाला वाचून दाखवायला लावते, म्हणजे मधलं काही गाळता येत नाही. (गाळलं की वाचताना घसा खाकरतात. बेचाळीस वर्षांत मला तेवढं वाचता येतं.) तुझी कंबर कशी आहे? जावयांचा खोकला थांबला, की अजून शेजाऱ्यांना उठवतात? मी पाठवलेली गुडघ्याच्या तेलाची बाटली पोचली असेल. कंबरेलाही चालतं ते. दोन वेळा लाव, आणि तेल संपलं तरी बाटली फेकू नकोस. बाटली चांगली आहे.

ह्यांनी मोटरबोट घेतली हे तुला माहीत आहे. का घेतली हे मला अजून माहीत नाही. दाताच्या डॉक्टरानं विकली, आणि विकताना तो इतका हसत होता की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. दात काढताना कधी हसत नाही तो. ती गेले आठ महिने अंगणात दोन चाकांच्या गाड्यावर बसून आहे, बरोबर माझ्या कपडे वाळत घालायच्या दोरीखाली. ह्या वयात सवत आली म्हण ना. तिच्यासाठी मऊ फडकं, तिच्यासाठी रंग, पाऊस आला की आधी तिला झाकायचं, मग माझे कपडे. दुरुस्तीला माणूस बोलवा म्हटलं, तर म्हणाले, अडतीस वर्षं कारखान्याचं कोठार सांभाळलं, एवढं एक यंत्र सांभाळता येणार नाही? (कोठारात यंत्रं फक्त फळीवर ठेवायची असतात. हे मी तेव्हा बोलले नाही, आता लिहून घ्या.)

दुरुस्ती म्हणजे नक्की काय, ते मला आठ महिने रोज समजावलंय आणि रोज माझा गोंधळ वाढलाय. इंजिन तिच्या पाठीमागे लटकतं. त्यातलं तेल काढलं ते माझ्या मोठ्या पातेल्यात, तर ते दुधाळ चहासारखं दिसलं. ह्यांचा चेहरा पडला. म्हणाले, आत पाणी शिरलंय. मी म्हटलं, बोट आहे, पाणी नाही तर काय शिरणार? मग कळलं की पाणी इंजिनात लागतं, ते थंड राहावं म्हणून. पण तेलात चालत नाही. बोटीत चालत नाही, पण बोट पाण्यात चालते. आणि अंगणात इंजिन चालवून बघायचं तर त्याला दोन रबरी कानटोप्या घालून नळाची नळी जोडायची, म्हणजे ते स्वतःला पाण्यात समजतं. मी विचारलं, मग इंजिन फसतं का? म्हणाले, हो. म्हटलं, मग बोटीलाही असंच फसवू, अंगणातच बसून जेवू आणि परत येऊ. पाना घेऊन बोटीखाली शिरले ते दिवेलागणीलाच बाहेर आले.

एक मात्र त्यांच्याकडूनच लिहून घेते. बोटीबरोबर आलेलं पुस्तक परक्या भाषेत आहे. ते त्यांनाही वाचता येत नाही, मलाही नाही, म्हणजे लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही दोघं एका वर्गात बसलो. त्यात चित्रं होती. पाणी खेचणारा एक रबरी पंखा असतो, फुलासारखा. तो ह्यांनी तीनदा बसवला आणि तीनदा पाणी आलं नाही. मी चित्र बघून सांगितलं, ह्या पाकळ्या उलट्या बाजूला वळल्यात. त्यांनी चष्मा पुसला, पुस्तक उलटं धरून बघितलं, माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला आणि शेवटी पाकळ्या वळवल्या. पाणी आलं. (हे वाचून दाखवताना खाकरले, पण लिहिलंय. दोनदा वाचून घेतलं.)

कोठाराची सवय म्हणजे प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं चिठ्ठी. स्क्रूला चिठ्ठी, पान्याला चिठ्ठी, तेलाच्या डब्याला चिठ्ठी. अंगणात वारा सुटला की सगळं घर फडफडायचं. मी कुठली चिठ्ठी काय म्हणते ते विचारत नाही, कारण विचारलं की ती वस्तू काय करते तेही ऐकावं लागतं.

असो. मागल्या रविवारी तिला पाण्यात सोडली. धक्क्यावर उतार आहे, तिथून गाडा मागे मागे नेऊन बोट अलगद ढकलायची. इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं. खोटं कशाला बोलू, ते पांढरी टोपी घालून उभे होते आणि मला लग्नातले दिसले. मी मागे डबा मांडीवर घेऊन बसले होते. थोडं गेल्यावर मी म्हटलं, पाय ओले झाले. म्हणाले, तुषार उडतात. आणखी थोडं गेल्यावर मी म्हटलं, तुषार चपलेच्या वर आलेत. मग त्यांनी मागे पाहिलं, आणि तोंडचं पाणी पळालं म्हणतात ते बहुतेक तिथेच बोटीत जमत होतं. कशीबशी वळवून किनाऱ्याला लावली, तोवर डब्याला पोहता येत होतं. धक्क्याचा राखणदार गुडघाभर पाण्यात आला, आणि भाजीचा भाव विचारावा तसं त्यानं विचारलं, "आजोबा, बूच लावलं होतं का?"

बोटीच्या बुडाला मागून भोक असतं म्हणे, जमिनीवर असताना साठलेलं पाणी जावं म्हणून. (भोक असलेली बोट. आठ महिन्यांत एवढं एकच मला सांगायचं राहिलं होतं.) त्याला बूच असतं, ते पाण्यात सोडण्याआधी लावायचं. राखणदारानं आपल्या खिशातून एक काढून दाखवलं. काळं रबर, वर पितळेचा खटका. ते बघून माझ्या हातून डब्याचं झाकण सुटलं. ओल्यानं निसटलं असेल.

ह्यांनी ते बूच हातात घेऊन उलटसुलट केलं आणि म्हणाले, "मी विसरलो." धाकटे, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. तेव्हापासून ती पांढरी टोपी खुंटीवर आहे. त्यांना पक्कं आठवतं की बूच त्यांनी खिडकीत ठेवलं होतं, चिठ्ठीसकट. खिडकीत नाही. म्हणजे ठेवलं नाही, म्हणजे जे आठवतं तेही खोटं, असा हिशोब. डॉक्टरकडे जाऊन आले. त्यानं पाच वस्तू सांगून अर्ध्या तासानं विचारल्या. ह्यांनी पाचही सांगितल्या, वर त्याच्या टेबलावरच्या सात सांगितल्या, तरी स्वतःवर विश्वास नाही. आता चिठ्ठ्या स्वतःसाठी लिहितात. दाराला एक आहे, दिव्याला एक आहे. शनिवारी सुतार बोट बघायला येणार आहे, त्याला घ्यायची आहे. विकायची ठरली. मला हवंच होतं ते, नाही का? (हे लिहिताना मान वर केली नाही.)

तब्येतीला जप. तेल लावत जा.

तुझी थोरली

ता. क. अक्षर बदललं म्हणून घाबरू नकोस. हे टपाल कचेरीच्या खिडकीतल्या बाई लिहितायत. पाकीट मीच चिकटवते असं सांगून उघडंच घेऊन आले. माझ्या मागे रांग आहे, पण बाई म्हणतात, सांगा. धाकटे, ते बूच तुझ्याकडे आहे. तेलाच्या बाटलीचं झाकण हरवलं होतं, खिडकीत हे छान रबरी बूच दिसलं, खटका दाबला की फुगून घट्ट बसतं, एक थेंब सांडत नाही. बोटीचं आहे हे मला काय माहीत, बोट बुडाला फाटकी असते हेच माहीत नव्हतं. ह्यांनी मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. त्यांनी मला विचारलंच नाही, स्वतःलाच विचारलं. मी दोनदा तोंड उघडलं, तर इतक्या मऊ आवाजात "काय गं?" म्हणाले की मला चहा हवा का एवढंच विचारता आलं. तेव्हा ते बूच शनिवारच्या आत पोचेल असं पाठव, आणि सोबत त्यांच्या नावानं पत्र लिही की चूक थोरलीची आहे, तुमचं डोकं शाबूत आहे. तुझं पत्र तेच मला वाचून दाखवतील. मी खाली मान घालून ऐकेन. (मागचा एक गृहस्थ म्हणतो, घरी जाऊन सरळ सांगा. त्याला म्हटलं, तू तुझं तिकीट चाट.)

ता. क. दुसरा. थांब. त्या बुचाची चिठ्ठी मी काढून बटव्यात ठेवली होती; लिहिलेला कागद मी टाकत नाही, कुठला कामाचा ते कळत नाही ना. मला वाटलं दुकानातली किंमत असेल. आत्ता बाईंना वाचायला दिली. त्या आधी हसल्या, मग वाचली. त्यात लिहिलंय: "बूच. पाण्यात सोडण्यापूर्वी लावणे. हिने हात लावू नये." खाली दोन रेघा. ही म्हणजे मी. घरात वाचणारे एकटे ते, आणि हात लावणारी एकटी मी, आणि बेचाळीस वर्षांनी हा माणूस मला चिठ्ठी लिहून ठेवतो. तेव्हा वर सांगितलंय त्यातली अर्धी चूक त्यांच्या नावावर घाल. बूच मात्र अख्खं पाठव.